‘प्राचीन रणनियमां’ना हवीत सहा नावं

कीथली, ९ मार्च

ती. ॲम्ब्रोज दाजींना,

धाकट्या मेहुण्याचा, म्हणजे लायोनेलचा, वाकून नमस्कार. (कंबर धरल्यामुळे गेला पंधरवडा मी वाकलेलाच आहे, तेव्हा यात वेगळे कष्ट पडलेले नाहीत.) तुमचा गुडघा कसा आहे? विनीताईचा खोकला गेला का? तिला म्हणावं, समुद्राच्या वाऱ्यात डोक्याला काही न बांधता फिरू नकोस. ती माझं ऐकणार नाही. लहानपणापासून ऐकलेलं नाही, पण मोठ्या बहिणीला सांगितल्याचं समाधान मला मिळेल. आमच्याकडे सगळं ठीक. मांजर म्हातारं झालंय, छप्पर एका ठिकाणी गळतंय, बाकी देवाची कृपा.

आता मुख्य गोष्ट, आणि ती गंभीर आहे, तेव्हा खुर्चीत नीट बसून वाचा. तुमच्या ‘प्राचीन रणनियमां’ची, म्हणजे टेबलावर चिमुकल्या शिपायांच्या फौजा लढवायची, स्पर्धा एप्रिलच्या मेळाव्यात चौतीस वर्षं न चुकता होत आली. दुसऱ्या वर्षी चौसष्ट खेळाडू आले होते, आठवतंय ना? टेबलं पुरेनात म्हणून दोन फौजा स्वच्छतागृहाबाहेर लढल्या आणि इजिप्तच्या रथांना वळसा घालून लोक आत जात होते. तेव्हाचे चौसष्ट गेल्या वर्षी सातावर आले. आणि गेल्या महिन्यात मेळाव्याच्या सेक्रेटरीबाईंचं पत्र आलं, की अठ्ठावीस मार्चपर्यंत किमान सहा नावं द्या, नाहीतर तुमची टेबलं ‘चाळीस मिनिटांत लढाई’वाल्यांना देऊ. पत्राच्या शेवटी बाईंनी हसरा चेहरा काढलाय. चौतीस वर्षांच्या स्पर्धेच्या उरावर हसरा चेहरा! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तिथल्या तिथे उत्तर लिहिलं, आणि आपल्या मंडळाची रीत म्हणून त्याखाली साधी सही केली, चेहरा काढला नाही.

ते ‘चाळीस मिनिटांत लढाई’ नावाचं नियमांचं पुस्तक मी वाचलं. शत्रूची माहिती असावी म्हणून वाचलं, उगाच गैरसमज नको. बारा पानं, त्यातली निम्मी चित्रं. आंघोळीच्या टबात उघडलं आणि पाणी कोमट व्हायच्या आत संपलं. तुमचं पुस्तक एकशे अठ्ठेचाळीस पानांचं, वर दुरुस्त्यांच्या तीन पुस्तिका, आणि तिसऱ्या पुस्तिकेतल्या चुकांचं एक चौपानी. तुमच्या नियमांत घोडदळाला टेकडीच्या कोपऱ्यावरून वळायचं तर सहा अपवाद तपासावे लागतात आणि एक कोनमापक लागतो. लागायलाच हवा! घोडा म्हणजे काय दुकानातली ढकलगाडी आहे, धरली आणि वळवली? पण हल्लीच्या लोकांना धीर म्हणून नाही. त्यांना लढाई करून घरी जेवायला जायचं असतं.

तरी मी हातपाय गाळले नाहीत. म्हटलं, लोकांना माहीतच नसेल तर ते येणार कुठून? म्हणून लायब्ररीत जाहीर प्रयोग लावला. रोमन एका बाजूला, कार्थेजवाले दुसऱ्या बाजूला, मधे हिरवं कापड, आणि बघायला अकरा माणसं. मी पहिल्या चालीच्या आधी करायच्या गोष्टी समजावून सांगायला लागलो. तासाभरानं सात माणसं उरली, दीड तासानं दोन, आणि पहिला बाण सुटला तेव्हा एकच. पण ते गृहस्थ मात्र (निवृत्त दंतवैद्य आहेत) शेवटपर्यंत टेबलावरची नजर हलवायला तयार नव्हते. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! कोनमापक त्यांच्या हातात देऊन म्हटलं, घ्या, आता तुम्ही वळवा. तर ते म्हणाले, “नको, तुमचं चालू द्या. टेबल रिकामं झालं की आम्हाला चित्रकोडं मांडायचंय.” मग लायब्ररी बंद करायची वेळ झाली. रोमन फौज अजून जागची हलायची होती. फौजा गोळा केल्या आणि बसनं घरी आलो.

यावर कडी म्हणजे सेड्रिक. होय, आपला सेड्रिक होल्डस्वर्थ, ज्यानं तुमच्या दुसऱ्या आवृत्तीची मुद्रितं तपासली तोच. रविवारी त्याच्याकडे जेवायला होतो. त्याची बायको म्हणाली, भावजी, जरा फ्रीजरमधले वाटाणे काढून देता का? मी गेलो, वरचा कप्पा ओढला, आणि वाटाण्यांच्या पिशवीमागे डब्यात काय बघतो? हॅनिबलचे हत्ती! हत्तींखाली भालाईत, भालाइतांखाली गोफणवाले. अख्खी कार्थेजची फौज बर्फात उभी. दाजी, फौज फ्रीजरमध्ये कशासाठी ठेवतात ते तुम्हाला सांगायला नको. गोंद गारठला की शिपाई पायाखालच्या पट्टीवरून पटकन सुटतात. तुम्ही ठरवून दिलेल्या साठ मिलिमीटरच्या पट्ट्यांवरून सोडवून ते त्या चाळीस मिनिटंवाल्यांच्या चौकोनी पाट्यांवर चिकटवायचे, हा बेत. आपल्यात माणूस घर बदलेल, चर्च बदलेल, पण पट्ट्या बदलत नाही!

मी डबा तसाच जेवणाच्या टेबलावर नेऊन ठेवला. म्हटलं, सेड्रिक, हे काय आहे? त्याचा चेहरा खर्रकन उतरला. “लायोनेल, ओरडू नकोस,” तो म्हणाला. “मी एकोणऐंशीचा झालो. मरायच्या आधी एक तरी लढाई संपलेली बघायचीय मला.” मी ताटातलं यॉर्कशायर पुडिंग खाल्लं. (दुसऱ्यांदाही घेतलं. त्यात पुडिंगचा काय दोष?) पण कस्टर्डला न थांबता उठलो, आणि मला कस्टर्ड किती आवडतं हे सेड्रिकला ठाऊक आहे, तेव्हा त्याला काय ते कळलं असेल. खरं सांगतो, बसस्टॉपवर उभा असताना डोळे भरून आले. वाऱ्यानं आले असं शेजारच्या बाईंना सांगितलं.

राहिला आमचा बेसिल. तो मात्र पक्का. चौऱ्याऐंशीचा आहे, समोरच्याची चाल चालू असताना झोपतो, उठवला की विचारतो, “जिंकलो का?” आणि नाही म्हटलं की पुन्हा झोपतो. अशी चार माणसं असती तर मी मेळाव्याला दाखवून दिलं असतं.

असो. रडत बसणाऱ्यातला मी नव्हे. गेल्या मंगळवारी चर्चच्या हॉलमध्ये मंडळाची तातडीची सभा बोलावली आणि ठराव मांडला, की नियमांतला एकही शब्द बदलणार नाही, एकही शिपाई पट्टीवरून सुटणार नाही, आणि बारा एप्रिलला स्पर्धा होणार म्हणजे होणारच. ठराव एकमतानं मंजूर झाला. तुम्ही लिहिलेल्या नियमांचं नाव कीथलीत मी असेपर्यंत पुसलं जाणार नाही, याची खात्री बाळगा. ताईला नमस्कार, गुडघ्याला शेक द्या.

तुमचा आज्ञाधारक,
लायोनेल

ता. क. सभेला हजर: मी, आणि हॉलच्या किल्ल्या सांभाळणाऱ्या मेव्हिसबाई. बेसिलनं वार चुकवला. खुर्च्या मी रचून ठेवीन या अटीवर मेव्हिसबाईंनी ठरावाच्या बाजूनं हात वर केला.

आणखी ता. क. सहा नावं कालच पाठवून दिली: मी, बेसिल, मेव्हिसबाई, त्यांचे यजमान (त्यांना अजून सांगितलेलं नाही), विनीताई आणि तुम्ही. नियम यायला हवेत का, असं मेव्हिसबाईंनी विचारलं. म्हटलं, बेसिलचं कुठे काय अडलं? ताईला मात्र तुम्हीच सांगा. माझी हिंमत नाही.

शेवटचा ता. क. ताई परवा फोनवर बोलता बोलता म्हणाली, की दर गुरुवारी तुम्ही तिकडे तुमच्या व्हिटबीच्या मंडळात ते चाळीस मिनिटंवालं खेळता आणि जेवायच्या वेळेला शीळ घालत घरी येता. मी म्हटलं, ताई, तुझा काहीतरी गैरसमज झालाय. दाजी, यावर मला काही लिहू नका. नियम तुमचे, तुम्ही ते सोडू शकता. मला बहात्तराव्या वर्षी दुसरं काही पाठ होणार नाही. तुम्ही फक्त बारा तारखेला साडेनऊला या आणि माझ्याशी एक लढाई खेळा. ती संध्याकाळपर्यंत संपणार नाही, याची काळजी मी घेईन. कलम एक्क्याण्णव बघा: अर्धवट राहिलेली लढाई त्याच दोघांनी पुढच्या मेळाव्यात येऊन पुरी करायची. तुम्हीच लिहिलंय.