डेडस्टॉक नंबर २१४

शेवगाव,
१४ डिसेंबर १९९९

जावईबापू पंकजराव यांस सासरे सहादेव यांचा सप्रेम जय भीम. आपली व चि. सौ. यशोधराची तब्येत उत्तम असेलच. इकडे आमच्या मंडळींचे गुडघे सोडले तर सगळं ठीक आहे.

अभिमानाची गोष्ट पोटात राहत नाही म्हणून लिहितो. दिवाळीच्या सुट्टीत तुम्ही आमच्या कचेरीतल्या कॉम्प्युटरवर लिनक्स घालून दिलंत, सीडीही ठेवून गेलात, त्याने माझी मान ताठ झाली. साहेब अठ्ठेचाळीस हजारांचं सॉफ्टवेअर मागवणार होते. मी भर मीटिंगमध्ये उभा राहून सांगितलं की आपल्याकडे आहे ते फुकट आहे. (एरवी तेवीस वर्षांत मीटिंगला उभा राहिलो तो खुर्च्या कमी पडल्या म्हणून.) साहेब दचकले. फुकटचं म्हणजे चोरीचं, असा त्यांचा समज. मी म्हटलं, करणाऱ्यांनीच खुशाल कॉपी करा, वाटा, असं लिहून दिलंय. शेजारणीला विरजण दिलं म्हणून आपलं दही संपत नाही. त्यांना पटलं. आता येत्या सोमवारी नगरचे मोठे साहेब स्वतः येऊन आपली सीडी नेणार आणि आणखी चौदा कचेऱ्यांत तेच घालणार. सरकारचे लाखो रुपये वाचवणारा आपला जावई आहे, हे माझं एस.टी. स्टँडपर्यंत सगळ्यांना सांगून झालंय.

मोठे साहेब येणार म्हणजे कागद चोख हवेत. सरकारी वस्तू डेडस्टॉक रजिस्टरात चढते आणि तिच्या अंगावर नंबर पडतो. आमच्याकडे टेबलं, पंखे, पाण्याचा रांजण, सगळ्यांना नंबर आहेत. (रांजणाचा १७. रांजण फुटला, नंबर चालू आहे.) हे काम शिपाई पुंजारामचं. त्याचं अक्षर मोत्यासारखं, म्हणून मीच सीडी त्याच्या हाती दिली. पांढऱ्या ऑइलपेंटचे दोन हात देऊन त्याने २१४ असा सुबक आकडा काढला. सीडी आता कपाटात कुलूपबंद आहे.

आपला,
सहादेव

ता.क. – आकडा चकचकीत बाजूवर काढलाय. पुंजाराम म्हणतो, "भाऊसायेब, दुसऱ्या अंगाला लई छापेल हुतं, हीच बाजू मोकळी हुती." मशीन घरघरतं आणि सीडी बाहेर ढकलतं. रॉकेलने पुसली, तर आकडाही गेला आणि चकाकीही.

ता.क. दुसरा – सासऱ्याने जावयाकडे काही मागू नये, हे मला कळतं. पण सोमवारच्या आत नवी सीडी आली नाही, तर मी पुन्हा कधी मीटिंगला उभा राहू शकणार नाही. पुण्याहून निघणाऱ्या शेवगाव गाडीच्या कंडक्टरकडे द्या. दिल्याने तुमची कमी होत नाही, हे मीच सगळ्यांना सांगितलंय. यशोधराच्या आईला मात्र कळू देऊ नका.

ता.क. तिसरा – पुंजाराम विचारतोय, नवीला २१५ घालायचा का. ब्रश धुऊन तयार ठेवलाय. दोन पाठवा.