नववी ‘ब’च्या वाट्याला क्षमा

सोमवार, ४ सप्टेंबर

क्षमा! शाळेच्या भिंतीवर पाच मूल्यं रंगवलेली – सत्य, सेवा, नम्रता, आनंद, क्षमा – आणि माझ्या हाताला नेमकी हीच चिठ्ठी लागावी. मुख्याध्यापिका सिस्टर दर वर्षी बिस्किटांचा डबा फिरवतात, प्रत्येक वर्गशिक्षक एक चिठ्ठी उचलतो, आणि निघेल ते मूल्य त्या वर्गाने सत्र संपेपर्यंत जगून दाखवायचं. नुसतं बोलायचं नाही, जगायचं – हा सिस्टरांचा शब्द. गेल्या वर्षी नववी ‘अ’ला आनंद आला होता. सत्रभर केक खात होते मेले.

क्षमेच्या वर्गाचा नियम असा – शिक्षा नाही. चुकलेल्याने उभं राहून चूक सांगायची, ज्याला त्रास झाला त्याने मोठ्याने ‘माफ केलं’ म्हणायचं. विषय संपला. मुलं मला पाठीमागे ‘ॲसिड’ म्हणतात. रसायनशास्त्र शिकवते म्हणून असेल, अशी मी स्वतःची समजूत घालते. पण शिक्षाच नाही तर मी वर्गात करू काय?

सत्राअखेर बिशप येणार. मूल्य जगून दाखवलेला वर्ग मिरवणुकीत पुढे मेणबत्त्या धरणार. “आणि वर्गशिक्षिकेचं स्वतःचंही एक उदाहरण हवं हं,” असं सिस्टर म्हणाल्या, आणि माझ्याकडे बघून हसल्या. त्यांना माहीत आहे. सगळ्या शाळेलाच माहीत आहे.

शुक्रवार, ८ सप्टेंबर

इथे लिहायला काय हरकत आहे? सासूबाईंना जाऊन वर्ष झालं तेव्हाची गोष्ट. चर्चमध्ये वर्षदिनाची मिस्सा, म्हणजे प्रार्थना. मी कॉयरमध्ये, गाणाऱ्यांत, उभी. माझी थोरली जाऊ – आमच्याच शाळेची संगीत शिक्षिका, चर्चचं कॉयरही तिच्याच हातात – दुसऱ्या भजनाच्या मध्यातच सगळ्यांसमोर मला म्हणाली, “तू नुसते ओठ हलव.”

त्या दिवसापासून मी ओठ हलवलेच नाहीत. शेवटच्या बाकावर बसते, तोंड गच्च मिटून. दोघींत बोलणं बंद. आम्हा दोघींचे नवरे सख्खे भाऊ, ते न्हाव्याच्या दुकानात चोरून भेटतात. नवरा घरी येतो तेव्हा केस होते तेवढेच असतात, मला काय कळत नाही?

तेही चाललं असतं. पण तिची लेक माझ्याच वर्गात आहे. हीच पोर माझ्या कडेवर वाढली. आता रस्त्यात भेटली तरी मला ‘मिस’ म्हणते. काकू हा शब्द गेलाच. हे मात्र लागतं मनाला.

मंगळवार, २६ सप्टेंबर

वर्गाला माफ करायची चटक लागली आहे. न मागता माफ करत सुटलेत. मधल्या सुट्टीत सगळे गणिताच्या सरांकडे गेले आणि म्हणाले, “सर, चाचणी परीक्षेबद्दल आम्ही तुम्हाला माफ केलं.” सर लालबुंद. माझ्याकडे येऊन म्हणाले, “मॅडम, मी यांच्याकडे माफी मागितली होती का?” मी म्हटलं, सर, तेच तर मूल्य आहे. आयुष्यात पहिल्यांदा चिठ्ठीचा उपयोग झाला.

बुधवार, ११ ऑक्टोबर

चुका संपल्या! आता माफ करायला माल हवा म्हणून मुद्दाम करतात. आज प्रयोगशाळेत चंचुपात्र फुटलं. फोडणारी पुढे येऊन हसतमुखाने म्हणाली, “मिस, आज सकाळपासून कोणी काहीच केलं नव्हतं.”

मग मी नियम केला – फुटकळ गोष्टी चालणार नाहीत. जे खरोखर दुखलंय तेच माफ करायचं. न दुखलेलं माफ करण्यात कसलं शौर्य? मग एका मुलाने शेजाऱ्याला सांगितलं की तू माझ्या तोतरेपणाची नक्कल करायचास. दुसरा मान खाली घालून बसला. “माफ केलं” म्हणायला पहिल्याला वेळ लागला, पण म्हणाला. मी फळा पुसत राहिले. फळ्यावर काहीच नव्हतं.

गुरुवार, ९ नोव्हेंबर

माझं उदाहरण तयार करून नेलं. “मी माझ्या नवऱ्याला घोरण्याबद्दल माफ केलं आहे.”

वर्गाने साफ नाकारलं. “मिस, दुखलेलं पाहिजे. तुम्हीच म्हणालात.” माझाच नियम माझ्याच गळ्यात. मागच्या बाकावर पुतणी खिडकीबाहेर बघत होती. कोणी तिच्याकडे वळूनही पाहिलं नाही – सगळ्यांनी मिळून न पाहणं म्हणजे काय ते मला कळतं.

बुधवार, २९ नोव्हेंबर

गेले. मनाचा हिय्या करून संगीताच्या खोलीच्या दारात उभी राहिले. जाऊबाई एकट्याच पियानो वाजवत होत्या. स्पष्ट म्हटलं, “वहिनी, त्या दिवसाबद्दल मी तुम्हाला माफ केलं.”

मान वळली नाही. बोटं थांबली नाहीत. मी पुन्हा म्हटलं. पुन्हा तेच! एवढा तोरा? मी काय भिंतीशी बोलत होते? पाय आपटत परत आले. आता पुढाकार घेणं बंद. बिशप येवोत नाहीतर आणखी कोणी.

गुरुवार, ३० नोव्हेंबर

वर्गाला खरं ते सांगितलं. माफ केलं, पण समोरच्याने घेतलं नाही. पुतणीचा चेहरा पांढरा पडला. उठून म्हणाली, “मिस, तुम्ही कुठल्या बाजूला उभ्या होतात?”

कुठल्या बाजूला म्हणजे काय? दारात! खाली बसवलं तिला. आईसारखीच विचित्र.

शुक्रवार, १ डिसेंबर

बिशप आले. मुलांनी आपापलं सांगितलं. मग माझी पाळी. मी उभी राहिले आणि म्हणाले, “माझं उदाहरण अपुरं राहिलं.” खोटं बोलून मेणबत्त्या कशा घ्यायच्या? त्या सेवेच्या वर्गाला गेल्या.

मला वाटलं, आता मुलं माझं तोंड बघणार नाहीत. तर बाहेर रांग लावून उभी होती. एकेक पुढे येऊन, “माफ केलं, मिस.” चंचुपात्रवालीसुद्धा! कसाबसा धीर धरला. घरी येऊन रडले. पुतणी रांगेत नव्हती.

रविवार, ३ डिसेंबर

मिस्सेआधी पुतणी आईला हाताला धरून माझ्या बाकापाशी घेऊन आली. जाऊबाई बाजूला बसल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, “बुधवारी तू दारातून काही बोललीस म्हणे. ते दार माझ्या डावीकडे येतं. त्या कानाने मला ऐकू येत नाही. आईंच्या वर्षदिनाच्या आसपास सुरू झालं, तेव्हा तर सगळेच बेसूर वाटायचे. कोणाला बोलू नकोस गं, कॉयर काढून घेतील.” मग उजवा कान माझ्याकडे करून म्हणाल्या, “आता सांग.”

सांगितलं.

“चल वर, कॉयरमध्ये. माझ्या डाव्या बाजूला उभी राहा आणि हवं तसं गा.”

“काकू, चला ना,” पुतणी म्हणाली.

पोटभर गायले. घरी येऊन नवऱ्याला विचारलं, म्हणजे त्या दिवशी मी बेसूर नव्हतेच ना?

“होतीस,” म्हणाला.

माफ केलं.