रबराखालची ओळ

४ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

भाडेकराराची गाडी परत करायला काल गेले. तीन वर्षांत एक हप्ता चुकवला नाही. तू सांगितलंस तशी धुऊनपुसून, भर उजेडात नेली. तपासनीस रंग मोजायचं यंत्र टेकवत हिंडला आणि मागच्या डाव्या दारापाशी अडला. म्हणाला, इथे रंगाचा थर दुप्पट आहे, अपघात झालाय आणि तुम्ही तो लपवलाय. कागदावर तसंच लिहून अख्ख्या दाराचा खर्च माझ्या नावावर टाकला. मी सही केली नाही.

ते दार म्हणजे गेल्या मे महिन्यात तू राहायला आलास आणि तारेचा ओरखडा तुला बघवेना, म्हणून रंगवून दिलंस ते. त्या ओरखड्याचा फोटो काढायचं दोघांनाही सुचलं नाही. शुक्रवारी पुन्हा बोलावलंय. खर्चाचं एक वेळ सोड, पण तुझ्या कामाला लपवाछपवी म्हटलेलं मी ऐकून घेणार नाही. वहिनीला कळू देऊ नकोस, काळजी करत बसेल.

लोभ आहेच, थोडा राग उसना दे.
तुझी,
धाकटी

७ मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वहिनीनेच आधी फोडलं. चूक माझी आहे. करार न विचारता मी हात घातला. चाळीस वर्षं गाड्या रंगवल्या, ओरखडा दिसला की हात शिवशिवतात. तसाच ठेवला असता तर त्यांनी किरकोळ म्हणून सोडला असता. खर्च मी देतो, तू भांडत बसू नकोस.

ता. क. वहिनी म्हणते, पैसे कसले देताय, तिला रबर उचलायला सांगा. खरं आहे, मी विसरलोच. प्रत्येक कामाची नोंद मी दाराच्या रबराखाली पेन्सिलने करतो, पुढच्या रंगाऱ्याला खाली काय आहे ते कळावं म्हणून.

वहिनीचा लोभ माझ्याहून जास्त आहे, हे ध्यानात असू दे.
तुझा,
दादा

१० मार्च

ती. दादास व वहिनीस,
शि. सा. न. वि. वि.

शुक्रवारी तपासनीस रबराला हात लावू देईना. मग मी गाडीची किल्ली मुठीत धरून तिथेच खुर्ची ओढून बसले. तासाभराने त्याने कंटाळून त्यांच्याच रंगाऱ्याला बोलावलं. त्याने अंगठ्याने रबर उचललं आणि मोठ्याने वाचलं: तारीख, ओरखडा एक वीत, पत्रा सरळ, पुट्टी नाही, फक्त रंग. त्याखाली, धाकटीची गाडी, जपून.

रंगारी तपासनीससाहेबाला म्हणाला, दार ठोकून पुट्टी भरली असती तर यंत्राचा आकडा दुपटीवर थांबला नसता, आणि असं काम आपल्याकडे कुणाला येत नाही. तपासनिसाने खर्च खोडला. मी म्हटलं, लपवलाय हा शब्दही खोडा आणि शेजारी सही करा. केली. वर रंगाऱ्याला ते पेन्सिलचं पुसून टाका म्हणाला. रंगाऱ्याने न पुसताच रबर परत दाबून बसवलं.

पैसे पाठवू नकोस. मी एक जुनी गाडी विकत घेतली आहे, माझ्या स्वतःच्या नावावर. उजव्या दाराला हा एवढा ओरखडा आहे. विकणारा रंगवून देतो म्हणत होता, मी हात लावू दिला नाही.

दोघं कधी येताय ते कळवा, लोभाचं तेव्हा बघू.
तुमची,
धाकटी