जे जे तोंडात जातं

५ नोव्हेंबर
घेतलं एकदाचं त्या पोराला! वन्सं नको-नकोच म्हणत होत्या. पाळणाघर त्यांचं, पण खेळणी धुणारी मी. मग मीही हट्टाला पेटले. पोरगं अडीच वर्षांचं, मोठ्या आजारातून उठलेलं. साधी लागणही महागात पडेल, असं डॉक्टरांनी बजावलंय. बाकीच्या पाळणाघरांनी हात वर केले. आईची रजा संपली. नोकरी गेली तर औषधपाणी कशावर करणार? "इथं स्वच्छता असते ना?" एवढंच तिने विचारलं. मी म्हटलं, डोळे मिटून सोडा. बोलून बसले खरी.

६ नोव्हेंबर
पोराने आल्या आल्या खुर्चीत मांडी ठोकली आणि बोटाने हुकूम सोडायला सुरुवात. नाव पडलं — सरकार.

९ नोव्हेंबर
नियम काढला. जे तोंडात गेलं ते थेट लाल टबात, परत फळीवर नाही. ठोकळे साबणाने, मग जंतुनाशक. कापडी ससे, अस्वलं धुऊन उन्हात. टेबलांच्या कडा, खुर्च्यांचे हात — पोरं दात लावतात ते नेमके तिथे, आणि आपण पुसतो ते वरवर. वन्सं म्हणाल्या, खेळण्यांचा रंग उडेल. उडू दे की!

१३ नोव्हेंबर
आज पुरती शोभा झाली. सरकारांची आई लवकर न्यायला आली. मी जंतुनाशक मारून लगेच कोरड्या फडक्याने टेबल लखलखीत करत होते. ती दबकत म्हणाली, "ते थोडा वेळ ओलं राहू द्यावं लागतं. आम्हाला दवाखान्यात शिकवलं होतं."

बाटली पाहिली. खरंच लिहिलंय, बारीक अक्षरात. म्हणजे इतके दिवस मी औषध लावत होते आणि लगेच पुसून टाकत होते! चकचकीत दिसलं की माझं समाधान. राग आला, आधी तिचा, मग स्वतःचा. आता टेबलं ओलीच ठेवते. वन्सं डागांवरून कुरकुरतात.

१८ नोव्हेंबर
धडकी भरली. आमच्याकडच्या जुळ्या बहिणींपैकी एकीचं तोंड आलं, हातापायांवर फोड. एकाचं दुसऱ्याला होणारं दुखणं. दोघींना घरी पाठवलं आणि सरकारांच्या आईला कळवलं. ती म्हणाली, रजा मागून पाहते. रडवेली झाली होती. मी झाडून सगळी खेळणी बाहेर काढली. ससे कानांना चिमटे लावून दोरीवर टांगले. वन्संनी दुसरा टब ओढला आणि शेजारी बसल्या.

२४ नोव्हेंबर
नवीन कुणालाच नाही! सरकार परतले.

एका मुलीने चोखलेला ठोकळा त्याच्यापुढे धरला. मी झडपच घातली. दोघांनीही भोकाड पसरलं. इतके दिवस तो कुणाकडून काही घेत नव्हता, आज पहिल्यांदा हात पुढे केला होता. चार पोरांत आणलं, आणि मीच मिसळू देत नाही. वाईट वाटलं फार. मग दुपारभर त्याला कडेवर घेऊन फिरले. माझ्या गळ्याशी तोंड खुपसून झोपला. संध्याकाळपासून जरा कसकस वाटतेय. दमले असेन.

२५ नोव्हेंबर
माझ्या तळहातांवर फोड. वन्सं म्हणतात, "तू घरी बस, पण बोलू नकोस कुणाला." सरकारांच्या आईला फोन लावलाय. वाजतोय.