हात, टायर आणि सोमवारचा रस्ता

शनि. १३ डिसें.
स्टीअरिंग उजवीकडे, गाडी सरळच. पुढे ट्रकचे लाल दिवे. मग थांबली, दुभाजकाला चिकटून. मागे इरा ओरडलीही नाही. तेच जास्त लागलं.
मंदार : "बघितलंस? सांभाळली."
घसरवली कोणी?
दुपारी वाळवंटात चारही टायरची हवा सोडली होती, वाळूत पकड यावी म्हणून. परतताना पाऊस. पंपावर हवा भरू म्हटलं. "असू दे. मऊ टायर ओल्यातही धरून चालतो. हात पाहिजे, हात! अण्णांनी जन्मभर घाटात एसटी चालवली."
सासऱ्यांनी चालवली. हा मागे बसून बोरं खायचा.

रवि. १४
मं. झोपलेला. गाडी घेऊन शारजाला, इंडस्ट्रियल एरियात. हवा भरायला गेले, तर टायरच्या कडांना बारीक भेगा. उन्हाळ्याने भाजलेलं रबर. चारही बदलले.
"मला विचारायचं तरी!"
विचारतेच आहे. दिवाळीपासून.
मग खाली जाऊन एक चक्कर मारून आला. खूश. "काय पकड आहे! यल्ला, उद्या पाचला कशाला निघायचं? साडेपाचला निघून त्याच वेळेला रुवैसला, कामावर."
म्हणजे अर्धा तास रस्त्यावर भरून काढणार. अजमान ते रुवैस, साडेतीनशेहून जास्त किलोमीटर, अंधारात. मागच्या सीटवर त्याच्या ऑफिसातला गावडे, दर सोमवारी, झोपलेला.
म्हटलं, यासाठी बदलले का टायर?
"टायर तुझे, हात माझे. आता खलास."
हात, हात. पायाचं कोणी बोलत नाही.
इरा : "आई, यू वॉन. लेट इट गो."
जिंकले. जुन्या टायरवर निदान थोडा भ्यायचा तरी.

रवि., संध्या.
फोनवर धुक्याचा इशारा. त्याला दाखवला.
"दर हिवाळ्यात येतो तो."
गावडेला फोन केला. त्याने तरी सांगावं. "वहिनी, साहेबांचा हात एकदम सॉलिड. मला तर झोपच लागते."
फोन ठेवला.

सोम. १५
पाचला हाक मारली. "अजून वेळ आहे," म्हणून कूस बदलली. पुन्हा हाक मारली नाही. का नाही?
धुकं. खालचं पार्किंग दिसत नाही.
पावणेसहाला निघाला.