उन्हात वाळवलेल्या फ्लॉप्या

मालवण,
रविवार, १४ मे १९८९

प्रिय कावेरी,

वाईट बातमी आधी लिहितो. तू दीड वर्षात कोल्हापूरहून पाठवलेल्या नऊच्या नऊ फ्लॉप्या वाकल्या. यंत्रात जात नाहीत. एक जोर करून घातली, ती आत घरघरायला लागली, म्हणून लगेच काढून घेतली.

त्याचं असं झालं. फ्लॉप्या मी घरी बिस्किटांच्या डब्यात ठेवत असे आणि लागेल ती मच्छीमार सोसायटीच्या ऑफिसात नेत असे. समुद्राच्या हवेपुढे डबा टिकला नाही. गेल्या आठवड्यात तुझ्या आईने झाकण उघडलं तर दोन पाकिटांवर पांढरे ठिपके दिसले. आपल्याकडे दमट वस्तूवर एकच इलाज. घरापुढच्या खळ्यात कोकमाची सोलं वाळत होती. त्याच चटईच्या कडेला तिने फ्लॉप्या ओळीने मांडल्या, वाऱ्याने उडू नयेत म्हणून प्रत्येकीवर एक खडा ठेवला, आणि दुपारी उलटून दुसऱ्या बाजूलाही ऊन दाखवलं. मी सहा वाजता घरी आलो तेव्हा त्यांचे पापड झाले होते.

मी ओरडलो. ती सोलं गोळा करत होती. हात न थांबवता म्हणाली, “चेडवान धाडलेला आसा ता. बुरशी कशी धरूक देव?” मुलीने धाडलेलं, म्हणून ती जपायला गेली होती. चार वर्षांत तू या घरात आली नाहीस आणि मी ये म्हटलं नाही. तुझ्या हातचं म्हणून घरात त्या नऊ फ्लॉप्या होत्या आणि तुझे सूचनांचे कागद.

सोसायटीत यंत्र आलं ते सत्याऐंशीच्या नोव्हेंबरात. मुंबईचा एक माणूस तीन दिवस शिकवून गेला आणि जाताना इंग्रजी पुस्तक ठेवून गेला, विटेएवढं. लवू शिपायाने यंत्राला कुंकू लावलं, नारळ फोडला. त्यापुढे काय करायचं ते कोणालाच ठाऊक नव्हतं. चेअरमन म्हणाले, हेडक्लार्क तुम्ही, तुम्हीच बघा. तू अशाच यंत्रावर काम करतेस हे ऐकून होतो, म्हणून तेव्हा मी तुला पहिलं पत्र लिहिलं. तुझ्या लग्नाला अडीच वर्षं झाली होती. वर ‘चि. कावेरी हिस’ एवढंच, आशीर्वादसुद्धा नाही. खाली चार प्रश्न. शेवटी माझं पूर्ण नाव आणि हुद्दा. टपालात टाकल्यावर वाटलं, ही उत्तर देणार नाही आणि न दिलं तर तिचं बरोबरच.

तू उत्तर दिलंस. चौकटीच्या कागदावर, आकडे घालून, ‘बाबा’ न म्हणता. दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये फ्लॉपी, आणि वर लाल शाईत ‘वाकवू नये’. ते अक्षर तुझं नव्हतं. कोणाचं ते मी विचारलं नाही, पण तो पुठ्ठा टाकलाही नाही.

मग दर दोन महिन्यांनी तुझं पाकीट येऊ लागलं. एका फ्लॉपीत हरवलेली फाइल शोधायचा प्रोग्राम, एकीत दोन याद्या ताडून बघायचा. एकीत असा, की पाच मिनिटं हात लावला नाही तर पडदा आपोआप काळा व्हावा. तो चालू केला त्या दिवशी लवू धावत आला, “साहेबानू, मशीन मेला!” मी ऐटीत एक कळ दाबून ते जिवंत केलं. तेव्हापासून लवू मला जरा घाबरून असतो.

तुझे कागद मी घरी आईला वाचून दाखवत असे. तिला त्यातलं काय कळायचं कोण जाणे, पण पूर्ण ऐकायची. एकदा सातव्या कलमात होतं, ‘चहाचा कप यंत्राच्या उजव्या बाजूला ठेवू नये, तुम्ही ठेवता तसा.’ तिने ते वाक्य पुन्हा वाचायला लावलं. दुसऱ्या एका कागदावर होतं, ‘दर अर्ध्या तासाने पडद्यावरून नजर काढून लांबचं बघावं. तुमच्या खिडकीतून बंदर दिसतं, ते बघावं.’ ते मी अजून करतो. मी उत्तरं लिहिली ती अशी: प्रोग्राम मिळाला, चालतो. एवढंच.

हे सगळं फुकट कसं, याची मला धास्ती होती. कोणाचं चोरून तर पाठवत नाहीस ना, असं मी लिहिलं. त्याचा तुला राग आला असणार. तू कळवलंस, प्रोग्राम सुरू केल्यावर वरच्या ओळी वाचा. वाचल्या. कॅनडातल्या कोणा माणसाने लिहिलं होतं की हा प्रोग्राम मी मोकळा केला आहे, हवा त्याला द्या, उपयोगी पडला तर तुमच्या गावाचं एक चित्रकार्ड मला धाडा. मी बाजारात जाऊन सिंधुदुर्ग किल्ल्याचं कार्ड घेतलं. इंग्रजीत लिहिलं की तुमच्यामुळे मालवणच्या चारशे बारा मच्छीमारांच्या याद्या नीट राहिल्या, मी आपला फार आभारी आहे. पोस्टातून परत येताना पायऱ्यांवरच थांबलो. न पाहिलेल्या माणसाचे आभार मानायला मला अर्धा दिवसही लागला नव्हता.

गेल्या श्रावणातलं तुला ठाऊक नाही ते सांगतो. सभासदांची यादी माझ्या हातून पुसली गेली तेव्हा मी तुला एक्स्प्रेस पत्र टाकलं. तुझी तार आली: यंत्र बंद ठेवा, त्या फ्लॉपीवर काहीही लिहू नका, पुसलेलं अजून तिथेच आहे. मागून प्रोग्राम आला. मधले सहा दिवस मी यंत्रावर कापड घालून बसलो आणि कोणाला काही सांगितलं नाही. त्यातल्या एका दिवशी तुकाराम आला, होडीसाठी बर्फाची चिठ्ठी घ्यायला. तुझा सासरा. कापडाकडे बघून म्हणाला, “साहेबानू, यंत्र नांगरार आसा काय?” मी म्हटलं, हो. तो म्हणाला, “आसांदे. दर्या खवळलो की आमीय तसाच करतंव.”

चार वर्षं तो महिन्यातून दोनदा माझ्या टेबलासमोर उभा राहतो. मी त्याला बस म्हटलेलं नाही. तोही कधी तुमचा विषय काढत नाही. एकदाच चिठ्ठी घडी करताना, चिठ्ठीकडेच बघत, “पोरां बरी आसत,” म्हणाला आणि गेला. त्याच्या मुलाशी लग्न करणार असं तू सांगितलंस, तेव्हा मी त्यांच्या होडीबद्दल, घराबद्दल, मासळीच्या वासाबद्दल जे बोललो ते तुला पाठ असेल. मलाही आहे. आणि नोकरी माझी त्यांच्याच सोसायटीतली.

सातव्या दिवशी यादी परत आली. एक नाव सुटलं नाही ना, म्हणून मी चारशे बाराही नावं बोट ठेवून वाचली. त्याच दुपारी तुकाराम दारात. यादी गेल्याचं लवूने बंदरभर केलं असावं. म्हणाला, “माजा नाव आसा मा अजून?” मी म्हटलं, आहे. “मगे झाला,” म्हणाला. हसत होता. मी त्याला तेव्हाही बस म्हटलं नाही.

आता खरं सांगतो. फ्लॉप्या वाकल्या त्याने सोसायटीचं काही अडलेलं नाही. प्रत्येकीची दुसरी प्रत काढून वेगळ्या जागी ठेवावी, हे तूच शिकवलंस. त्या नऊच्या नऊ प्रती ऑफिसच्या लोखंडी कपाटात सुखरूप आहेत. आईला मी हे दोन दिवस सांगितलं नव्हतं. ती म्हणत होती, “दुसऱ्यो हाडूक तुमीच जावा. पोस्टान मागवू नुको.” आणि मला ते कारण हातचं जाऊ द्यायचं नव्हतं. तिने मुद्दाम उन्हात घातल्या असं मी म्हणत नाही. पण प्लॅस्टिकचा कंगवा ती कधी उन्हात ठेवत नाही, एवढं मला ठाऊक आहे.

कपाटात त्या प्रतींच्या खाली एक पुडकं आहे. त्यात पिवळं लुगडं आहे, हिरव्या काठाचं. तुझ्या लग्नाच्या दिवशी मी घरी ओरोसला काम आहे असं सांगून निघालो आणि कोल्हापूरच्या गाडीत बसलो. पुडकं मांडीवर होतं. तळेऱ्याला गाडी चहाला थांबली. मी उतरलो, चहा घेतला. ड्रायव्हरने हॉर्न दिला, कंडक्टर दारात उभा राहून माझ्याकडे बघत होता. मी हात केला, जाऊ दे म्हणून. गाडी घाटाकडे वळली. मी उलट्या दिशेची गाडी मिळेपर्यंत तिथेच बाकावर बसलो. तू त्या दिवशी दाराकडे बघत होतीस का, हे मला विचारायचं नाही. मी निघालो होतो, एवढं तुला माहीत असावं म्हणून हे पत्र. परवा आईला सांगितलं. ती उठली आणि तिने ट्रंक काढली. काल मी तुकारामच्या घरी गेलो. त्याने बस म्हटलं, मी बसलो. मुलासाठी त्याचा निरोप आहे, “झिलाक सांगा, बापूस बरो आसा.” येत्या शनिवारी, वीस तारखेला, सकाळच्या कोल्हापूरच्या गाडीने आम्ही दोघं येतो. तू नको म्हणणार असलीस तर गुरुवारपर्यंत तार कर, मी समजेन. नाही केलीस तर दुपारी स्टँडवर ये. जागा धरून ठेवल्या आहेत. मी खिडकीकडे बसायचं आणि बाहेरच्या बाजूला ती, असं तुझ्या आईने ठरवलं आहे. तळेऱ्याला चहा ती मला खिडकीतूनच घेऊन देणार आहे.

तुझाच,
बाबा