शहाबादी फरशीचे सांधे

३ जून १९७४, सोमवार
क्वार्टरात आलो. ह्यांना दवाखान्याच्या प्रयोगशाळेत शिपायाची जागा मिळाली. दोनच खोल्या, पण शहाबादी फरशी अशी बसवलीय की सांध्यात मुंगी शिरायची नाही. लिंगपूजा पूर्वेच्या कोनाड्यात मांडली. लेक जगदेवी बाळंतपणाला इथंच येणार. सिद्धेश्वराची कृपा!

११ जून
ह्यांचा डबा द्यायला गेले. मी मॅट्रिक झालेय हे कळल्यावर विरुपाक्ष डॉक्टर म्हणाले, मग या की अक्का, बघा. सूक्ष्मदर्शकात आधी निरोगी पेशी दाखवल्या. आमच्या फरशीसारख्याच, एकेकीला लागून, प्रत्येकीत एकच ठिपका. मग एका रोग्याच्या फोडातल्या. फुगलेल्या, सांधे विरघळलेले. मला मोजायची खोड; एकीत सात ठिपके भरले. डॉक्टर म्हणाले, विषाणू आत शिरतो नि शेजारणींमधल्या भिंती पाडून सगळ्यांची एकच पेशी करतो. मनात आलं, भाऊबंद एक झाले, पण घरात माणूस उरलं नाही.

२४ जून
दोन दिवस कणकण. तुळशीचा काढा घेतला.

२६ जून
ओठावर ताप फुटला, पाण्यानं भरलेले बारीक फोड. शेजारच्या शिवबाई हसल्या, आतलं समदं भाईर पडलं की अक्का, आता खुशाल नातवंड घ्या मांडीवर! आणि दुपारी जगदेवीला मुलगी झाली. पहिला मध पूजा करणाऱ्या बाईच्या बोटानं चाटवायचा, म्हणजे तिचा गुण लागतो. मध नासका तर नाही ना, म्हणून आधी स्वतः चाखला. मग तेच बोट बाळाच्या तोंडात.

५ जुलै
बाळ अंगावर पीत नाही. अंग तापलंय. डोळ्याजवळ राळ्याच्या दाण्याएवढे फोड.

६ जुलै
डॉक्टर बाळाकडे कमी, माझ्या ओठावरल्या खपलीकडं जास्त बघत होते. ओठावरला ताप हाही विषाणूच, म्हणाले; बाळाला तोंड कुणी लावलं, विचारलं. मी दुपटं सारखं करत राहिले. बाळाचा फोड खरवडून काचेवर घेतला.

७ जुलै
डॉक्टर बघू नका म्हणाले. बघितलं.
सांधे नाहीत. पाच ठिपके एकीत — दुसरीत आठ — पुढं मोजवेना.

८ जुलै
बाळाला झटके. औषध नाही म्हणतात. जगदेवी विचारते, आई, कुणाचं लागलं गं हे? मी पदर तोंडावर —
फरशीवर बसलेय. सांधे दिसत नाहीत.

९ जुलै
बाळाचं रडणं थांबलं. जगदेवी हाका मारतेय, जायला हवं. आधी हे लिहू दे — पोरी, तो मध मी — माझ्याच बो